सात मिलिमीटरची नळी

बाई,

आज मोशीच्या चौकात माझ्या हातातली कागदाची नळी चपटी झाली आणि तुम्ही आठवलात. चाकणहून घरी येत होते. सिग्नलच्या अलीकडे एक मिल्कशेकची गाडी लागते, तिथं सीताफळाचं शेक घेतलं. चमचा उभा राहील इतकं दाट. पूर्वी प्लॅस्टिकची नळी द्यायचे, आता कागदाची देतात आणि ती दोन घोटांत ओली होऊन मऊ पडते. शेक वर येईना म्हणून मी गाल आत घेतले, तशी नळी मधोमध मिटली. गाडीवाला म्हणाला, "मॅडम, जोरात नका ओढू. हळू ओढा, येतंय ते." मी बरं म्हटलं. पण डोक्यात तुमचा आवाज होता, की ओढतंय कोण? तोंडाने मी नळीतली हवा कमी केली, बाहेरची हवा पेल्यातल्या शेकवर दाबत होती, तशीच ती नळीच्या भिंतीवरही दाबत होती. शेक दाट, त्याला वर सरकायला वेळ हवा. कागदाची भिंत तेवढा वेळ तग धरू शकली नाही. शेवटी झाकण काढून पेला तोंडाला लावला, आणि पंचेचाळिशीची बाई रस्त्याच्या कडेला उभी राहून ओठांवरचं सीताफळ पुसत असताना असं वाटलं, की हे तुम्हाला सांगावं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली.

भोसरीच्या आपल्या महापालिकेच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणून जी खोली होती, तिच्यात निवडणुकीचे फलक आणि मोडकी बाकं ठेवलेली असायची. म्हणून तुम्ही आठवीच्या वर्गाला जिन्यात घेऊन आलात. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून आणली होती. खाली घासून लख्ख केलेल्या पातेल्यात कोकमाचं सरबत होतं, म्हणजे लाल रंग नळीत सगळ्यांना दिसेल. जिना अर्ध्यावर वळतो तिथून सगळ्यांना सरबत पिता आलं. पहिल्या मजल्यावरून दोघांनाच आलं, तेही डोळे पांढरे करून. दुसऱ्या मजल्यावरून कोणालाच नाही. कोणीतरी विचारलं, "बाई, पैलवान आणला तर?" तुम्ही म्हणालात, "पैलवान आण, नाहीतर हत्ती आण. दहा मीटरच्या वर पाणी कोणाच्याच तोंडात यायचं नाही. कारण वर आणणारा तो नाहीच. तो फक्त जागा करून देतो. ढकलते ती हवा, आणि हवेची ताकद ठरलेली आहे." मला त्यातलं निम्मंच कळलं होतं. पण हत्ती जिन्यात सोंड लावून उभा आहे हे चित्र मला अजूनही दिसतं.

मग तुम्ही दुसरा डबा उघडलात. त्यात घरून गाळून आणलेली तांदळाची पेज होती. "आता सांगा, ही पेज सरबताएवढी उंच चढेल, की कमी?" सगळा वर्ग म्हणाला कमी, मीही म्हणाले. तुम्ही मला वळणावर उभं केलंत आणि नळीचं टोक हातात दिलंत. मला का, ते माहीत नाही. मी वर्गात कधी हात वर करणारी नव्हते. फळ्यावरचं उतरवून घेण्यातही मी शेवटी असायचे, मुली मला कासव म्हणायच्या. मी तोंड लावलं. पेज बोटभर चढली आणि थांबली. "जीभ लावून नळी बंद कर. नाकाने श्वास घे. आता पुन्हा," तुम्ही म्हणालात. पुन्हा बोटभर. पुन्हा जीभ. घंटा झाली, मधली सुट्टी लागली, पोरं एकेक करत डबे खायला पळाली. तुम्ही खालच्या पायरीवर बसून राहिलात, पातेल्याशेजारी, पदर खोचून, नळीतल्या पांढऱ्या रेघेकडे बघत. माझे गाल दुखायला लागले, कानांत गुणगुण व्हायला लागली. सुट्टी संपायच्या जरा आधी कोमट, फिकी, मीठ नसलेली पेज माझ्या जिभेवर आली. तुम्ही उठलात, साडी झटकलीत आणि म्हणालात, "उंची तेवढीच. वेळ जास्त. समजलं?" तुमचा डबा त्या दिवशी तसाच राहिला हे मला दुपारी पाचवीच्या बाईंकडून कळलं.

त्या प्रयोगाची वही मी फार मन लावून लिहिली आणि तीच तुम्ही वर्गासमोर माझ्यापुढे टाकलीत. मी लिहिलं होतं, "मी पेज ओढून वर आणली." तुम्ही त्याखाली लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या. "एवढा वेळ उभी राहिलीस आणि लिहिलंस काय? तू काही ओढलं नाहीस. पुन्हा लिही." मी घरी येऊन रडले. आई तेव्हा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये नट-बोल्टच्या पिशव्या भरायला जायची. ती म्हणाली, "इतकं काय करायलीस एका शब्दासाठी? लिहून टाक की बाई म्हणतायत तसं." मी लिहून टाकलं. खरं पटायला मात्र पुष्कळ वर्षं गेली.

दहावीनंतर आई मला तिच्याच शेडमध्ये चिकटवणार होती. मी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं, पण तुम्ही निकालानंतर आमच्या खोलीवर आलात. आई बिचारी गडबडली, खुर्ची नव्हती, तुम्हाला पेटीवर बसवलं. ती म्हणाली, "शिकायली तर शिकू द्यावं, ते कळतंय हो मला. पर हिला सगळ्याला लई येळ लागतो. हळू हाय पोरगी. डिप्लोमा तिला झेपंल का?" तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "हळू आहे. पण मध्येच सोडून देत नाही. मी स्वतः बघितलंय." एवढंच. फॉर्म तुम्ही पर्समधून काढलात, तो आधीच आणला होता. मेकॅनिकलला माझा नंबर लागला तेव्हा तुम्ही मला एक व्हर्नियर कॅलिपर दिलात, लाकडी पेटीतला, तुमच्या यजमानांचा. ते एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते आणि अकाली गेले, एवढंच आम्हाला माहीत होतं. "वस्तू पडून राहिली की गंजते," तुम्ही म्हणालात. दुसरं काही बोलायची तुमची पद्धत नव्हती.

चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला लागून मला काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट आहे. डिसेंबर होता, आणि त्या पट्ट्यातली थंडी तुम्हाला माहीतच आहे, डोंगरावरून उतरते आणि पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहते. आमच्याकडे गिअर ऑइल बॅरलमधून वर घेणारा एक पंप सकाळच्या शिफ्टला रोज खडखडायचा, आत खडी टाकल्यासारखा. दुपारी आपोआप गप्प. साहेब म्हणाले, "पंपच छोटा आहे. मोठा टाकू." मी म्हटलं, "सर, पंप मोठा केला तरी तेल वर ढकलणारी हवा तेवढीच राहणार. थंडीत तेल दाट होतंय आणि पाइप बारीक आहे. पंपाला तेल मिळतच नाहीये, तो उपाशी आहे." साहेब हसले, पण पाइप बदलायला खर्च कमी म्हणून हो म्हणाले. दुप्पट जाडीचा पाइप टाकला, लांबी कमी केली, बॅरल उंचावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पंप चालू केला तर नुसता घूं आवाज. लाइनवरचा एक जण म्हणाला, "राव, मॅडमनी पंपाला चारलं."

मला सगळ्यांत आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. मी भराभर सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "दुप्पट जाडी... म्हणजे... किती पट?" मी म्हटलं, "सोळा पट तेल, बाई." तुम्ही म्हणालात, "हं." पण तो हं ओला होता, शब्द तोंडात लोळल्यासारखे येत होते. फोन तुमच्या सुनेने घेतला. "आईंना तीन आठवड्यांपूर्वी स्ट्रोक झाला. उजवी बाजू. चालणं सुधारतंय, पण गिळता येत नाही नीट."

रविवारी मी प्राधिकरणातल्या तुमच्या घरी आले. तुम्ही खिडकीजवळ खुर्चीत होतात, केस कोणीतरी दुसऱ्याने विंचरलेले, भांग तुमच्या नेहमीच्या बाजूला नव्हता. सूनबाई बँकेतून रजा काढून घरी राहिल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. पातळ काही द्यायचं नाही. पाणी, चहा, सरबत, काहीच नाही, कारण पातळ पदार्थ पटकन घसरतो आणि श्वासनळीत जातो. सगळं घट्ट करून द्यायचं. पाण्यातसुद्धा एक पावडर टाकून. "पण त्या तोंड उघडत नाहीत," त्या म्हणाल्या. "चमच्याने भरवलं की मान फिरवतात. वजन किती उतरलंय बघा." त्यांनी तुमच्या गळ्याभोवती नॅपकिन बांधला, चमचा पुढे केला. तुम्ही मान फिरवलीत आणि मला म्हणालात, "खळ. पाण्याची खळ... करून देतात." आणि मग, फार कष्टाने, "मी... बाळ... नाही."

टेबलावर पेला होता, त्यात दवाखान्यातून आलेली वाकणारी नळी. मी विचारलं तर सूनबाई म्हणाल्या, "बघितलं वापरून. येतच नाही. त्यांच्यात ओढायची ताकदच राहिली नाही." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला आजही वाटतं, की त्या क्षणी तुम्ही खुर्चीतून माझी वही तपासत होतात.

त्या रात्री घरी मी हिशेबाचा कागद घेऊन बसले नाही, खोटं कशाला सांगू. मी आधी फोन केला, तुम्हाला गिळायचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या थेरपिस्टना. त्या म्हणाल्या, "नळी मी सहसा देत नाही. घोट किती येईल सांगता येत नाही. पण माझ्यासमोर करून बघायला हरकत नाही." मग मी पिंपरीत डेअरीचं सामान मिळतं त्या दुकानातून दुधासाठी वापरतात त्या नळ्यांचे तुकडे आणले. तुमच्या यजमानांच्या व्हर्नियरने आतली मापं घेतली. दवाखान्यातली नळी पाच मिलिमीटर होती. एक तुकडा सातचा, एक दहाचा. नाचणीची आंबील, तुमच्यासाठी चालेल इतकी दाट, करून स्वतः पिऊन बघितली, गाल सैल सोडून, जेवढा जोर तुमच्यात असेल असं मला वाटलं तेवढाच लावून. तो अंदाज काही मोजता येण्यासारखा नव्हता.

थेरपिस्ट शनिवारी आल्या. दहाची नळी त्यांनी हातात घेऊन लगेच बाजूला ठेवली. "एवढ्या रुंद नळीने एकदम तोंड भरेल. ठसका लागेल." सातची ठेवली. मी ती निम्म्या लांबीची कापली होती आणि उंच पेल्याऐवजी बसकी वाटी आणली होती. पाचाच्या जागी सात केलं की जवळजवळ चौपट येतं, लांबी निम्मी केली की आणखी दुप्पट. तेवढाच जोर, आणि आठपट आंबील. हे मी सूनबाईंना सांगत होते, पण ऐकत तुम्ही होतात. थेरपिस्ट म्हणाल्या, "आजी, हनुवटी छातीकडे. छोटा घोट. गिळा. पुन्हा एकदा गिळा. मग बोला काहीतरी." तुम्ही नळी ओठांत धरलीत. डावा गाल आत गेला, उजवा नुसता लटकत राहिला. नळीतून आंबिलीचा तपकिरी रंग वर सरकताना दिसला, हळू, थांबत, आणि मग तुमच्या ओठांआड गेला. तुम्ही गिळलंत. ठसका नाही. पुन्हा गिळलंत. थेरपिस्ट तुमच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून होत्या.

"बोला काहीतरी, आजी."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "कोणी... ओढलं?"

मी म्हटलं, "तुम्ही."

"चूक," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या तोंडाची एक बाजू हसली. सूनबाई बेसिनकडे वळल्या आणि नळ सोडून उगाच भांडं विसळत राहिल्या.

त्यानंतरचे पाच महिने मी दर रविवारी यायचे. तुम्ही नॅपकिन स्वतःच्या हाताने बांधायचात, डाव्या. वाटीभर आंबील संपायला अर्धा तास लागायचा आणि त्या अर्ध्या तासात कोणी मदत केलेली तुम्हाला चालत नसे. कधी कधी मी समोर बसून आपली डाळिंबं सोलायचे आणि बोलायचे नाही. वजन थोडं वाढलं. सूनबाई पुन्हा बँकेत जायला लागल्या. एकदा तुम्ही मला केळ्याचं शेक आणायला सांगितलंत आणि ते इतकं दाट होतं, की सातच्या नळीतूनही येईना. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी मुकाट्याने उठले आणि त्यात दोन चमचे दूध घालून, थेरपिस्टनी शिकवलं होतं तसं चमच्यावरून सांडून बघून मग दिलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मशिनी दुरुस्त केल्या, कंपनीने दोनदा प्रशस्तिपत्रही दिलं. पण मी काय करते असं कोणी विचारलं तर मला ती वाटी आठवते.

शेवटचा रविवार मेमधला होता. तुमचा मुलगा आणि सूनबाई तळेगावला लग्नाला गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार होते, आणि मी घरी एकटी तुमच्याजवळ होते. चारच्या सुमाराला मी आंबिलीची वाटी आणली. तुम्ही ती डाव्या हाताने सारलीत.

"चहा."

"करते. पावडर घालून..."

"नको. कपात. पातळ." तुम्ही थांबलात, श्वास घेतलात. "वाफ येणारा."

मी म्हटलं, "बाई, डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"मला माहीत आहे... कुठे जाईल ते. मी शिकवलंय." मग खिडकीबाहेर बघत तुम्ही म्हणालात, "एक घोट. सहा महिने... झाले."

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, फ्रिज उघडला, बंद केला. ओट्याला टेकून थोडी उभी राहिले. बाहेर येऊन म्हटलं, "दूध संपलंय बाई."

तुम्ही म्हणालात, "बरं."

हट्ट केला नाहीत. कोरा चालेल म्हणाला नाहीत. आंबीलही घेतली नाहीत. मी वाटी झाकून ठेवली, तुमच्या पायांवर चादर घातली आणि ते लोक परत येईपर्यंत आपण दोघी तशाच बसून होतो. गुरुवारी तुम्हाला दुसरा झटका आला आणि शुक्रवारी सकाळी सूनबाईंचा फोन. चहाचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे मी थेरपिस्टना विचारून घेतलं होतं, म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तो घोट दिला असता तर कदाचित काहीच झालं नसतं, कदाचित न्यूमोनिया झाला असता. न देणं बरोबरच.

त्या म्हणतात ते मला पटतं. मी आजही दिला नसता बहुधा. तुमची सून आता पुण्याबाहेर राहते, दिवाळीला तिचा फोन येतो. हे पत्र तिला दाखवलं तर तीही म्हणेल, ताई, तुम्ही बरोबर केलंत. म्हणून तिला दाखवणार नाही, आणि तुमच्यासाठी तर कुठला पत्ताच नाही. द्यायचा नव्हता तर नाही म्हणायला हवं होतं, सरळ तुमच्या तोंडावर. तुम्ही चिडला असतात, मला शहाणी म्हणाला असतात, आणि ते मी ऐकून घेतलं असतं. ते माझ्याने झालं नाही.

दूध होतं, बाई. फ्रिजच्या दारात, अर्धी पिशवी, तोंडाला रबर लावलेली.